सावली एकाची, धोका दुसऱ्याचा

अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत दीपगृहाला पिढ्यान्‌पिढ्या मानाचे स्थान लाभले आहे. दीपगृहाचा प्रकाश जो पाहील त्याचा. पट्टी भरणाऱ्या जहाजाला तो दिसावा आणि न भरणाऱ्याला दिसू नये, अशी योजना करता येत नाही. म्हणून दीपगृहे शासनानेच उभारली पाहिजेत, असे जॉन स्टुअर्ट मिलपासून पॉल सॅम्युएलसनपर्यंत अनेकांनी प्रतिपादन केले. पुढे रोनाल्ड कोस यांनी १९७४ साली इंग्लंडच्या इतिहासाचा आधार घेऊन दाखवून दिले की, तेथे एके काळी खाजगी दीपगृहेही चालत होती आणि त्यांचा खर्च बंदरात येणाऱ्या जहाजांकडून वसूल होत होता. दिवा कोणी लावावा आणि त्याचे पैसे कोणी द्यावेत, यावर असा भरपूर काथ्याकूट झाला. परंतु तो दिवा ज्याने पाहायचा, त्या सुकाणूवरील माणसाच्या डोळ्यांपुढे कोणती काच आहे, हा प्रश्न अर्थशास्त्रज्ञांनी फारसा विचारलेला नाही. वास्तविक दोन्ही प्रश्न एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत. सार्वजनिक खर्चाने लावलेला प्रकाश खाजगी पैशाने चिकटवलेल्या काळ्या कागदाने अडवता येतो, आणि त्याची किंमत बहुधा तिसऱ्यालाच मोजावी लागते.

यांत्रिक नौकेच्या पुढील काचेवर किती गडद रंग असावा, हा विषय वरवर पाहता अग्रलेखाच्या पानाला शोभणारा नव्हे. घराच्या खिडकीला कोणता पडदा लावावा, तितकाच तो खाजगी आवडीनिवडीचा वाटतो. हौशी नौकेचा मालक दुकानात जातो, फिल्मचे नमुने उन्हात धरून पाहतो आणि त्यातला डोळ्यांना थंड वाटणारा व नौकेला शोभणारा नमुना पसंत करतो. मात्र ही निवड तो भर दुपारी, किनाऱ्यावर, स्वतःच्या सोयीच्या दृष्टीने करीत असतो. तिचे परिणाम प्रकट होतात ते सायंकाळी, समुद्रावर आणि दुसऱ्याच्या बाबतीत. सारा घोळ येथेच आहे.

उन्हाची तक्रार खरी आहे

प्रथम मालकाची आणि सुकाणूवर बसणाऱ्याची बाजू न्यायाने मांडली पाहिजे. समुद्रावरचे ऊन जमिनीवरच्या उन्हासारखे नसते. ते वरून येते आणि पाण्यावर परावर्तित होऊन खालूनही येते. चार बाजूंनी काच असलेल्या केबिनमध्ये तासन्‌तास उभे राहणाऱ्या सारंगाला वा तांडेलाला उकाडा आणि चकाकी या दोहोंचा जाच होतो. अतिनील किरणांचा दीर्घकाळ मारा झाल्यास मोतीबिंदूचा आणि डोळ्याच्या पांढऱ्या भागावर मांस वाढण्याच्या विकाराचा धोका वाढतो. थकलेला, डोळे दिपलेला माणूस नीट पहारा ठेवू शकत नाही, हेही उघड आहे. तेव्हा काचेला रंग नको म्हणणाऱ्याने सुकाणूवरील श्रमिकाला उन्हात भाजत ठेवावे, असा त्याचा अर्थ होऊ नये.

पण येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. उष्णता आणि उजेड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सूर्यापासून येणाऱ्या ऊर्जेपैकी निम्म्याहून थोडा कमी भाग दृश्य प्रकाशाचा असतो; निम्म्याच्या आसपास भाग डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांचा आणि उरलेला अल्प भाग अतिनील किरणांचा. दोन काचांमध्ये प्लॅस्टिकचा थर बसवून तयार केलेली साधी लॅमिनेटेड काच दिसायला स्वच्छ असूनही जवळजवळ सर्व अतिनील किरण अडवते. अवरक्त किरणांचा बराचसा भाग अडवणारी, तरीही दृश्य प्रकाश आत येऊ देणारी लेपित काच आणि फिल्मही मिळते. सारांश, गडद म्हणजे थंड, हे समीकरण चुकीचे आहे. काळोख विकत घेतल्याशिवाय गारवा मिळत नाही, अशी समजूत ग्राहकाच्या अज्ञानावर पोसलेली आहे.

गुणाकाराचा हिशेब

काचेतून किती उजेड आत येतो, हे शेकडेवारीत सांगतात. साधी स्वच्छ काच सुमारे ९० टक्के दृश्य प्रकाश जाऊ देते. तिच्यावर ५० टक्के उजेड जाऊ देणारी फिल्म चिकटवली, तर उरतात ४५ टक्के. काच मुळातच किंचित रंगीत असून ७५ टक्केच उजेड आत सोडत असेल आणि तिच्यावर ३५ टक्क्यांची फिल्म लावली, तर शिल्लक राहतात अवघे २६ टक्के. फिल्मच्या पाकिटावरील आकडा हा काचेचा आकडा नव्हे. हे दोन आकडे एकमेकांनी गुणावे लागतात. त्यात दुपारचा काळा चष्मा डोळ्यांवर असला आणि तो २० टक्के उजेड जाऊ देत असला, तर पहिल्या उदाहरणातील ४५ टक्क्यांचे केवळ ९ होतात. शिवाय वेगवान नौकांची पुढची काच बरीच कललेली असते. कललेल्या काचेतून जाताना प्रकाशाला अधिक जाडी ओलांडावी लागते आणि त्याचा अधिक भाग परावर्तित होतो. दुकानातील सरळ धरलेला नमुना हे काहीच सांगत नाही.

माणसाच्या डोळ्याचाही विचार केला पाहिजे. अंधाराला पूर्णपणे सरावण्यास डोळ्याला वीस ते तीस मिनिटे लागतात. वयाबरोबर बाहुली लहान होते आणि भिंग पिवळसर पडते; साठीच्या माणसाच्या नेत्रपटलापर्यंत विशीतील तरुणाच्या मानाने सुमारे एक तृतीयांशच प्रकाश पोचतो, असे मानले जाते. अनुभवी सारंग बहुधा तरुण नसतो. निसर्गाने आधीच वजा केलेल्या उजेडातून काच आणखी वजाबाकी करते.

या वजाबाकीचा अर्थ समुद्रावरील दिव्यांच्या भाषेत समजून घेणे उपयुक्त ठरेल. समुद्रावरील टक्कर टाळण्याचे आंतरराष्ट्रीय नियम १९७२ साली ठरले आणि १५ जुलै १९७७ पासून अमलात आले. त्यांनुसार १२ मीटरपेक्षा कमी लांबीच्या नौकेचे बाजूचे तांबडे व हिरवे दिवे किमान एक सागरी मैलावरून, म्हणजे १,८५२ मीटरवरून दिसले पाहिजेत. त्यासाठी नियमांनी ठरवलेली किमान तीव्रता आहे ०.९ कँडेला, म्हणजे जवळजवळ एका मेणबत्तीइतकी. समुद्रावर माणसाचे प्राण असे एका मेणबत्तीच्या भरवशावर असतात. त्याच नियमांतील सूत्र वापरून हिशेब केला, तर पाहणाऱ्याच्या काचेने निम्मा प्रकाश अडवल्यास हा दिवा एक मैलाऐवजी सुमारे पाऊण मैलावरून दिसतो. काचेतून पाचवा हिस्साच प्रकाश आत येत असेल, तर अर्ध्या मैलावरून. ताशी २० सागरी मैलांच्या वेगाने जाणाऱ्या नौकेला एक मैल कापण्यास तीन मिनिटे लागतात. काळ्या काचेने ती तीन मिनिटे दीड मिनिटांवर येतात. पाहणे, ओळखणे, निर्णय घेणे आणि सुकाणू वळवणे हे सारे त्या दीड मिनिटात उरकावे लागते.

हा झाला नियमाप्रमाणे दिवे असलेल्या नौकेचा हिशेब. वल्ह्याने चालणाऱ्या होडीला तेवढेही बंधन नाही. तिच्याजवळ बॅटरी वा पेटता कंदील तयार असावा आणि टक्कर टाळण्याइतक्या अवधीत तो दाखवावा, एवढीच नियमाची अपेक्षा आहे. म्हणजे होडीतल्या माणसाने आपले प्राण, समोरून येणाऱ्याला तो कंदील दिसेल, या विश्वासावर सोपवलेले असतात.

आरशासारख्या चमकणाऱ्या फिल्मची गोष्ट तर आणखी घातक. अशी फिल्म ज्या बाजूला उजेड अधिक, त्या बाजूला आरसा बनते. दिवसा बाहेरच्याला आतले दिसत नाही, ही मालकाला अभिमानाची गोष्ट वाटते. रात्री मात्र उजेड आत असतो. उपकरणांचे दिवे आणि नकाशाचा पडदा काचेत प्रतिबिंबित होतात आणि सुकाणूवरच्या माणसाला समुद्राऐवजी स्वतःचा चेहरा दिसू लागतो.

मोठ्यांना नियम, लहानांना मोकळीक

मोठ्या जहाजांच्या बाबतीत हा प्रश्न केव्हाच निकालात निघालेला आहे. समुद्रावरील जीविताच्या सुरक्षिततेविषयीचा जो आंतरराष्ट्रीय करार ‘सोलास’ या संक्षिप्त नावाने ओळखला जातो, त्याच्या पाचव्या प्रकरणातील बाविसावा विनियम १ जुलै १९९८ रोजी वा त्यानंतर बांधलेल्या, ५५ मीटर व त्याहून अधिक लांबीच्या जहाजांना लागू होतो. जहाजाच्या संचालन-कक्षाला ध्रुवित अथवा रंगीत काचा बसवू नयेत, असे त्यात निःसंदिग्धपणे सांगितले आहे. प्रतिबिंबे टाळण्यासाठी पुढील काचा वरच्या बाजूने १० ते २५ अंश बाहेर कललेल्या असाव्यात, आणि हवा कशीही असली तरी किमान दोन खिडक्यांमधून स्वच्छ दिसलेच पाहिजे, असेही त्यात आहे. ज्या जहाजांवर रडार आहे, प्रशिक्षित अधिकारी आहेत, स्वतंत्र टेहळ्या आहे, त्यांना काचेला रंग लावण्याची मुभा नाही. ५५ मीटरपेक्षा लहान नौका मात्र या विनियमाच्या कक्षेबाहेर राहतात. जेथे बहुधा एकच माणूस सुकाणू धरतो, वेग सांभाळतो, प्रवाशांशी बोलतो आणि पहाराही ठेवतो, तेथे हा विनियम पोचत नाही.

अर्थात पहाऱ्याचे कर्तव्य सर्वांनाच सारखे आहे. टक्करविषयक नियमांपैकी पाचवा नियम प्रत्येक नौकेला, मग ती केवढीही असो, सदैव दृष्टीने आणि श्रवणाने योग्य पहारा ठेवण्यास सांगतो. पहारा ठेवण्याचे कर्तव्य स्वीकारायचे आणि ज्या काचेतून तो ठेवायचा ती काळी करायची, ही विसंगती मालकाच्या ध्यानात येत नाही, कारण ती त्याला कोणी दाखवून देत नाही.

डोळ्यांपुढील थोडीशी सावलीही किती महत्त्वाची ठरू शकते, याचे एक दुःखद उदाहरण नोंदले गेले आहे. २० ऑगस्ट २००६ च्या रात्री इंग्लंडच्या दक्षिणेस, आइल ऑफ वाइट बेटाजवळ ‘औझो’ नावाची शिडाची लहान यॉट तिच्यावरील तिघांसह नाहीशी झाली. तिघेही मृत्युमुखी पडले. ब्रिटनच्या सागरी अपघात अन्वेषण विभागाने चौकशी करून असा निष्कर्ष काढला की, ‘प्राइड ऑफ बिल्बाओ’ या प्रचंड प्रवासी जहाजाशी टक्कर झाल्याने किंवा त्याच्या लाटांनी ती यॉट बुडाली असावी. यॉट उशिरा दिसण्याची जी कारणे चौकशीत विचारात घेतली गेली, त्यांत जहाजावरील टेहळ्याच्या चष्म्याचाही समावेश होता. उन्हात आपोआप गडद होणाऱ्या त्याच्या भिंगांतून रात्रीच्या अंधारातही सर्व प्रकाश पार होत नव्हता. जहाजावरील अधिकाऱ्यावर खटला झाला आणि सदोष मनुष्यवधाच्या आरोपातून त्याची २००७ साली मुक्तता झाली. एका व्यक्तीच्या माथी दोष मारता आला नाही. परंतु तीन कुटुंबांचे नुकसान मात्र भरून निघाले नाही. रडारचा भरवसा धरणाऱ्यांनीही या घटनेपासून बोध घ्यावा. त्या मोठ्या जहाजाच्या रडारवर ती यॉट आढळली नव्हती. लाकडाची वा फायबरची लहान नौका रडारला क्षीण प्रतिध्वनी देते. जे यंत्राला दिसत नाही ते पाहण्यासाठीच तर डोळे हवेत.

किंमत कोण देतो?

‘मालकाचा स्वतःचा जीवही नौकेवर असतो, तेव्हा तो काळजी घेणारच’, असा युक्तिवाद यावर केला जाईल. बाजारपेठेवरील श्रद्धेचा हा नेहमीचा नमुना होय. परंतु टक्कर ही समान व्यक्तींमधील घटना नसते. ३७ हजारांहून अधिक टनभाराच्या जहाजाला लहान यॉटच्या स्पर्शाची जाणीवही होऊ नये, आणि यॉटवरील माणसांचे सर्वस्व जावे, असे हे व्यस्त प्रमाण आहे. वेगवान यांत्रिक नौका आणि जाळे टाकून बसलेली होडी यांच्यात, किंवा नौका आणि पोहणारा यांच्यात, तेच प्रमाण लागू पडते. ए. सी. पिगू यांनी १९२० सालच्या आपल्या ग्रंथात खाजगी खर्च आणि सामाजिक खर्च यांतील तफावतीचे विवेचन केले. कारखान्याचा धूर हे त्याचे नेहमी दिले जाणारे उदाहरण. काळी काच हाही एक प्रकारचा धूरच आहे. गारवा मालकाच्या पदरात आणि वाढलेला धोका होडीवाल्याच्या, अशी ही वाटणी. तिच्यात दुसऱ्या पक्षाची संमती कधीच विचारलेली नसते.

मुंबई बंदराचे उदाहरण घेता येईल. गेटवेहून घारापुरीला आणि मांडव्याला जाणाऱ्या लाँच, भाऊच्या धक्क्यावरून मोरा व रेवसकडे जाणारी वाहतूक, न्हावाशेव्याकडे वळणारी महाकाय मालवाहू जहाजे, नौदलाच्या नौका, ससून डॉकच्या मासेमारी बोटी आणि अलिबागकडे धावणाऱ्या खाजगी स्पीडबोटी, ही सारी गर्दी त्याच पाण्यात असते, ज्यात कोळ्यांच्या लहान होड्याही असतात. १८ डिसेंबर २०२४ रोजी घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी लाँचवर नौदलाची वेगवान नौका आदळून डझनाहून अधिक माणसांनी प्राण गमावले. त्या दुर्घटनेचा काचेच्या रंगाशी काही संबंध नव्हता. नौकेच्या इंजिनाची चाचणी त्या वेळी चालू होती. परंतु या पाण्यात चूक दुरुस्त करण्यास किती थोडा अवकाश मिळतो, हे तिने सर्वांच्या निदर्शनास आणले. अशा ठिकाणी दृष्टीचा एक अंशही स्वेच्छेने गमावणे परवडणारे नाही. १८७५ साली उभारलेले प्राँग्स दीपगृह आजही मुंबईच्या प्रवेशद्वाराशी उभे आहे. त्याचा प्रकाश काळ्या काचेपाशी येऊन अडावा, यासारखा सार्वजनिक धनाचा दुसरा विनोदी अपव्यय नसेल.

मोटारींच्या काचांविषयी आपल्या देशात बरीच चर्चा झाली आहे. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनी पुढच्या व मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के उजेड गेला पाहिजे, असे ठरवले. २७ एप्रिल २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने काचांवर फिल्म चिकटवण्यास मनाई केली. पुढे नियमांत बदल झाला आणि ठरलेल्या मर्यादेतील फिल्म चालू शकते, असे केरळ उच्च न्यायालयाने २०२४ साली म्हटले. तथापि या साऱ्या चर्चेचा रोख प्रामुख्याने बाहेरून आतले दिसावे, काळ्या काचेआड गुन्हा घडू नये, यावर होता. नौकेच्या बाबतीत प्रश्न नेमका उलटा आहे. तेथे आतून बाहेरचे दिसले पाहिजे. शिवाय मोटारीला ठरलेला रस्ता असतो. नौकेला चारही दिशा मोकळ्या असतात. यांत्रिक नौकांचे मार्ग एकमेकांना छेदत असतील, तर जिच्या उजव्या बाजूला दुसरी नौका असेल तिने वाट सोडावी, असा पंधरावा नियम आहे. म्हणून मोटारीच्या बाजूच्या काचेला जी सवलत आहे, ती नौकेच्या सुकाणूजवळील बाजूच्या काचेला देणे तर्कसंगत नाही.

मग निवड कशी करावी? सुकाणूपुढील आणि सुकाणूच्या दोन्ही बाजूंच्या काचा स्वच्छ ठेवाव्यात. उष्णता अडवायचीच असेल तर दृश्य प्रकाश जाऊ देणारा लेप वा लॅमिनेटेड काच निवडावी, आणि काच व लेप मिळून ७० टक्क्यांहून कमी उजेड आत येणार नाही, हे पाहावे. काचेऐवजी पॉलिकार्बोनेटसारखे प्लॅस्टिक असेल, तर तिच्यावर फिल्म लावण्यापूर्वी उत्पादकाला विचारावे. अशा प्लॅस्टिकमधून वायू सुटून फिल्मखाली फुगे धरतात आणि नजरेपुढे नवाच अडथळा उभा राहतो. प्रवाशांच्या केबिनच्या काचा, जेथून पहारा ठेवला जात नाही, तेथे गडद रंगाला हरकत नाही. वरच्या उन्हासाठी पुढे काढलेले छप्पर वा वर गुंडाळता येणारा पडदा, उकाड्यासाठी वाऱ्याला वाट, आणि पाण्याच्या चकाकीसाठी ध्रुवित भिंगांचा चष्मा, हे उपाय स्वस्त आहेत. त्यांचा मोठा गुण असा की, सूर्य कलताच पडदा गुंडाळता येतो, चष्मा उतरवता येतो. काचेला चिकटवलेली फिल्म सायंकाळी उतरवता येत नाही.

मात्र ही गोष्ट मालकांच्या सुबुद्धीवर सोडून भागणार नाही. प्रवासी नौकांची पाहणी होते, तेव्हा सुकाणूपुढील काचेतून किती उजेड आत येतो, हे मोजणे अशक्य नाही. त्यासाठी लागणारे मापक हातात मावते आणि मोजणीला एक मिनिटही लागत नाही. नौकांच्या नोंदणीची आणि पाहणीची जबाबदारी ज्यांच्याकडे आहे, त्या सागरी मंडळांनी लहान यांत्रिक नौकांसाठीही सोलासच्या विनियमातील तत्त्व स्वीकारावे. विमा कंपन्यांनी त्याला आपल्या अटींत स्थान द्यावे. आणि फिल्म बसवणाऱ्या व्यावसायिकाने काच व फिल्म यांचा मिळून होणारा आकडा ग्राहकाला लेखी द्यावा. यापैकी कशालाही मोठा निधी लागत नाही, नवे खाते उघडावे लागत नाही.

खाजगी निवडीचे स्वातंत्र्य जेथे दुसऱ्याच्या जीवाला जाऊन भिडते, तेथे समाजाला बोलण्याचा अधिकार प्राप्त होतो. कंदील हाती घेऊन होडीत बसलेला कोळी दुकानातील फिल्मच्या नमुन्यांसमोर कधीच उभा नसतो. त्याच्या वतीने तेथे कोणीतरी उभे राहिले पाहिजे. आणि ते काम कायद्याचे आहे.